लोकसेवा आयोगाची परीक्षा : तीन टप्पे, एक अभ्यासक्रम आणि आपली मुले

(दिल्लीतील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मुनिरका येथील कुटुंब मेळाव्यात केलेले भाषण)



महागाई भत्ता, पेन्शन आणि रिक्त जागा या विषयांवर माझ्या आधीचे वक्ते बोलले. मला दिलेला विषय वरवर पाहता संघटनेचा नाही, मुलांच्या अभ्यासाचा आहे. पण आपल्या सभासदांचा पैसा आज कुठे जातो, असे विचारले तर घराच्या हप्त्यानंतर उत्तर येते, मुलांचे शिक्षण. आणि त्यातही गेल्या काही वर्षांत एक मोठा आकडा म्हणजे स्पर्धा परीक्षेचा क्लास आणि दिल्लीतले राहणे. म्हणून हा विषय संघटनेचाच आहे असे मी मानतो.

आपण जिथे बसलो आहोत तिथून हाकेच्या अंतरावर जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आहे. पलीकडे बेर सराय, जिया सराय. मुनिरका हे एके काळचे गाव. आता त्याच्या अरुंद गल्ल्यांत मजल्यावर मजले चढले आहेत आणि दिवसाही दिवा लावावा लागतो अशा खोल्यांत देशभरची मुले अभ्यास करीत आहेत. त्यांत आपलीही आहेत. भुसावळ, मनमाड, दौंड, मिरज येथून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीनला उतरायचे आणि ट्रंक घेऊन इकडे यायचे. वडील कुठे ट्रॅकवर, कुठे आरएमएसमध्ये, कुठे पोस्टाच्या काउंटरवर. मुलगा किंवा मुलगी सांगते, "बाबा, यूपीएससी करतेय." बाबा भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतात. २००४ नंतर नोकरीला लागलेल्यांना तर ती सोयही पूर्वीसारखी राहिलेली नाही.

पण बाबांना विचारले की परीक्षा किती टप्प्यांची, कोणते गुण धरतात, किती वेळा बसता येते, तर बहुतेकांना सांगता येत नाही. आपण पगारपत्रकातली एक वजावट समजली नाही तर हिशेब विभागात जाऊन भांडतो. मग लाखो रुपये आणि मुलाच्या आयुष्यातली चार-पाच वर्षे ज्यात जातात, ती गोष्ट समजून घ्यायला नको का?

हा दरवाजा आपोआप उघडला नाही

थोडा इतिहास सांगतो. इंग्रजांच्या काळात आय.सी.एस.ची परीक्षा लंडनला होत असे. म्हणजे बोटीचे भाडे आणि तिथले राहणे परवडेल त्यालाच ती देता येई. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली उत्तीर्ण होणारे पहिले भारतीय. दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या पिढीने अनेक वर्षे मागणी लावून धरली की ही परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्या. १८८५ साली स्थापन झालेल्या काँग्रेसच्या पहिल्या मागण्यांत ही मागणी होती. ती प्रत्यक्षात यायला १९२२ साल उजाडले. दरम्यान १९१८ साली आपल्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख लंडनला ही परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले होते.

लोकसेवा आयोग १ ऑक्टोबर १९२६ रोजी स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३१५ व्या कलमाने त्याला घटनात्मक स्थान मिळाले. शाहजहान रोडवर धोलपूर हाउसमध्ये त्याचे कार्यालय आहे. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ सालापासून आजची तीन टप्प्यांची पद्धत सुरू झाली आणि मुख्य परीक्षा मराठीसह भारतीय भाषांतून लिहिता येऊ लागली. १९९० च्या तुकडीतील सनदी अधिकारी भूषण गगराणी यांनी ही परीक्षा मराठी माध्यमातून दिली होती. १९९३ नंतर इतर मागासवर्गीयांना केंद्रीय सेवांत आरक्षण मिळाले. आपल्या मुलांना ही परीक्षा देता येते यामागे शंभर वर्षांची मागणी आणि झगडा आहे, हे मुलांनाही सांगा.

तीन टप्पे

पहिला टप्पा पूर्व परीक्षा. एकाच दिवशी दोन पेपर, दोन्ही पर्यायी उत्तरांचे, प्रत्येकी दोन तास आणि २०० गुण. पहिल्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्न. दुसऱ्या पेपरात, ज्याला मुले सीसॅट म्हणतात, ८० प्रश्न. त्यात उताऱ्यांचे आकलन, तर्क आणि दहावीपर्यंतचे गणित. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. सीसॅटमध्ये फक्त ३३ टक्के मिळवायचे असतात. पण ते मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरात कितीही गुण असले तरी उपयोग नाही. मुख्य परीक्षेला कोण जाणार हे पहिल्या पेपराच्या गुणांवर ठरते.

आरएमएसमधल्या बांधवांना हे चटकन समजेल. पूर्व परीक्षा म्हणजे सॉर्टिंग. कोणती थैली पुढच्या गाडीत चढवायची एवढेच तिथे ठरते. तिथले गुण अंतिम यादीत धरत नाहीत.

दुसरा टप्पा मुख्य परीक्षा. नऊ पेपर, प्रत्येकी तीन तास, सगळे लिहून. त्यांपैकी दोन फक्त उत्तीर्ण होण्यापुरते. एक भारतीय भाषेचा, आपल्यासाठी मराठीचा, आणि एक इंग्रजीचा. प्रत्येकी ३०० गुण आणि किमान २५ टक्के हवेत. या दोन्हींत ते मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर तपासून धरले जात नाहीत. उरलेल्या सात पेपरांचे प्रत्येकी २५० गुण. एक निबंध, चार सामान्य अध्ययनाचे आणि दोन वैकल्पिक विषयाचे. एकूण १७५०.

तिसरा टप्पा मुलाखत. २७५ गुण. मुख्य परीक्षा मराठीतून दिली असेल तर मुलाखतही मराठीतून देता येते, दुभाषा असतो. १७५० आणि २७५ मिळून २०२५ गुणांवर अंतिम यादी लागते.

किती वेळ जातो पहा. २०२४ च्या परीक्षेची जाहिरात फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पूर्व परीक्षा १६ जूनला झाली, मुख्य परीक्षा सप्टेंबरात, मुलाखती जानेवारी ते एप्रिल २०२५, आणि अंतिम निकाल २२ एप्रिल २०२५ ला. म्हणजे एका प्रयत्नाला चौदा महिने. शेवटच्या पायरीवर अडलेला मुलगा महिनाभरात पुन्हा पूर्व परीक्षेला बसतो, पहिल्या पायरीवर. त्याच्या घरी कुणी "एवढे शिकून काय केलेस" असे म्हणू नये म्हणून हे सांगतो.

आकडे काय सांगतात

त्याच २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्व परीक्षेला बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेसाठी निवडले गेले १४,६२७. मुलाखतीला २,८४५. शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची, त्यांत २८४ मुली.

याचा अर्थ आपल्या भाषेत असा. पूर्व परीक्षेला बसलेल्या चाळीसांपैकी एकच पुढे जातो. मुख्य परीक्षेतून साधारण पाचांत एक. मुलाखतीतून तिघांत एकापेक्षा थोडे जास्त. सर्वांत मोठी गळती पहिल्याच दारात आहे. पण घरचा पैसा मात्र बहुतेक वेळा त्या दाराशी पोचण्यापूर्वीच खर्च होतो. पूर्ण कोर्सची फी, वैकल्पिक विषयाची फी, निबंधाची फी, सगळे एकदम. हा क्रम उलटा आहे. आधी मुलाने घरी बसून मागच्या पाच वर्षांचे पूर्व परीक्षेचे पेपर घड्याळ लावून सोडवावेत. ते आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यात कुठे उभे आहोत हे कळले की मग दिल्लीचा विचार करावा.

अभ्यासक्रम आपल्या घरातच आहे

बंधूंनो, अभ्यासक्रम हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही. पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपराचा अभ्यासक्रम आयोगाच्या जाहिरातीत अवघ्या सात ओळींत आहे. चालू घडामोडी. भारताचा इतिहास आणि राष्ट्रीय चळवळ. भारताचा व जगाचा भूगोल. राज्यघटना, पंचायत राज आणि कारभार. आर्थिक व सामाजिक विकास. पर्यावरण आणि हवामानबदल. सामान्य विज्ञान. पाया घालायला सहावी ते बारावीची एनसीईआरटीची पुस्तके पुरतात, आणि ती पाटीवरच्या क्लासपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

मुख्य परीक्षेतले सामान्य अध्ययनाचे चार पेपर असे. पहिल्यात वारसा, इतिहास, समाज आणि भूगोल. दुसऱ्यात घटना, कारभार, सामाजिक न्याय आणि परराष्ट्र संबंध. तिसऱ्यात अर्थव्यवस्था, शेती, विज्ञान, पर्यावरण, सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापन. चौथ्यात नीती आणि सचोटी. हा चौथा पेपर २०१३ च्या बदलांत आला. ते बदल सुचविणाऱ्या समितीचे अध्यक्ष पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू डॉ. अरुण निगवेकर होते.

आता जरा बारकाईने पहा. तिसऱ्या पेपराच्या अभ्यासक्रमात पायाभूत सुविधांच्या यादीत रेल्वेचे नाव छापलेले आहे. दुसऱ्या पेपरात दबावगट आणि संघटना यांची राज्यव्यवस्थेतली भूमिका, हा मुद्दा आहे. म्हणजे आपली युनियन अभ्यासक्रमात आहे! पहिल्या पेपरात स्वातंत्र्योत्तर भारत आहे. मे १९७४ चा वीस दिवसांचा रेल्वे संप ज्यांनी पाहिला, असे निवृत्त सहकारी आज या सभागृहात बसले आहेत. मुलांनो, त्यांच्याशी बोला. संप का झाला, सरकारने काय केले, त्याचे पुढे काय झाले, हे ज्याने घरातल्या माणसाकडून ऐकले आणि पुस्तकाशी ताडून पाहिले, त्याचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे उतरेल.

टपालवाल्यांच्या मुलांना मी विचारतो. १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला, तो जून २०२४ मध्ये लागू झाला. त्यात काय बदलले? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, तो कुणी आखला? संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. रेल्वेवाल्यांच्या मुलांना विचारतो. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ पासून का बंद झाला? २०१९ आणि २०२० साली संसदेने संमत केलेल्या चार श्रमसंहितांमध्ये संपाच्या हक्काचे काय झाले? हे प्रश्न संघटनेच्या पत्रकांत येतात आणि तेच परीक्षेतही येऊ शकतात. फरक एवढाच की पत्रकात आपण एक बाजू मांडतो, परीक्षेत दोन्ही बाजू मांडून मग स्वतःचे मत द्यावे लागते. तेही मोजक्या शब्दांत. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत वीस प्रश्न असतात. म्हणजे एका उत्तराला नऊ मिनिटे. वाचन जेवढे महत्त्वाचे तेवढाच हात चालणे महत्त्वाचे. दिवसाला दोन उत्तरे लिहायची आणि कुणाला तरी दाखवायची, एवढे करणारी मुले थोडी असतात.

आणि मुलाखतीच्या आधी जो तपशीलवार अर्ज भरतात त्यात वडिलांचा व्यवसाय विचारलेला असतो. तिथे ट्रॅकमन, पोस्टमन, खलाशी लिहायला लाजू नका. त्यावर प्रश्न आला तर तो तुमच्या सोयीचा प्रश्न आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल तालुक्यातील यमगेचा बिरदेव डोणे हा मेंढपाळाचा मुलगा २०२४ च्या परीक्षेत निवडला गेला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. पण मित्रहो, अशा बातमीचा आनंद घ्या आणि मघाचे आकडेही विसरू नका. एकाच्या फोटोमागे पावणेसहाशे मुले असतात, ज्यांचा फोटो येत नाही.

कोण, किती वेळा

पात्रतेचे नियम थोडक्यात सांगतो. कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्या वर्षीच्या १ ऑगस्टला वय २१ पूर्ण आणि ३२ च्या आत हवे. इतर मागासवर्गीयांना तीन वर्षे, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षे सवलत. खुल्या प्रवर्गाला सहा प्रयत्न, इतर मागासवर्गीयांना नऊ, अनुसूचित जाती-जमातींना वयाची मर्यादा हीच मर्यादा. आर्थिक दुर्बल घटकाला जागांचे आरक्षण आहे, वयाची सवलत नाही. अर्ज भरला पण परीक्षेला बसलो नाही तर प्रयत्न धरत नाहीत. पूर्व परीक्षेचा एक पेपर जरी दिला तरी तो प्रयत्न झाला. "सहज बसून पाहतो" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आपले तरुण सहकारी, टपाल सहायक, स्टेशन मास्तर, क्लार्क, नोकरी करता करता ही परीक्षा देतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. या परीक्षेत खात्यातल्या कर्मचाऱ्याला म्हणून वयाची सवलत नाही. आणि अर्ज केल्याचे आपल्या कार्यालयप्रमुखाला लेखी कळवावे लागते. ते कळवा, त्याची पोच घ्या, आणि त्यावरून कुणी ड्युटीत अडवणूक केली तर शाखेकडे या. भारतीय टपाल सेवा, रेल्वेच्या वाहतूक, लेखा आणि कार्मिक शाखांतले अधिकारी याच परीक्षेतून येतात. ज्याने स्वतः थैली उचलली आहे किंवा रात्रपाळीत सिग्नल सांभाळला आहे असा माणूस उद्या त्या खुर्चीत बसला तर आपल्याला नको आहे का?

नोकरी सोडून तयारी करू का, असे विचारणाऱ्यांना मी सांगतो, निदान एकदा पूर्व परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत सोडू नका. आणि खात्याच्या परीक्षा, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा, राज्याची लोकसेवा परीक्षा यांकडे कमीपणाने पाहू नका. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आहे. त्यामुळे दोन्हींचा अभ्यास बराचसा एकत्र होतो. घरात पहिल्या दिवशीच ठरवा की किती वर्षे, किती पैसे, आणि त्यानंतर काय. हे ठरवणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे नव्हे. गाडी सोडण्यापूर्वी ब्रेक तपासतात, तसेच हे आहे.

संघटनेने काय करायचे

आता आपल्या कामाकडे येतो. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीत ओल्ड राजेंद्र नगर भागात एका क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. नागरी सेवेची तयारी करणारी मुले तळघरात वाचायला बसतात, कारण वर उजेडात बसण्याएवढी जागा परवडत नाही. ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. आपल्या मुलांना पाठवताना खोली आणि वाचनालय दोन्ही डोळ्यांनी पाहून या. बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, ते पहा.

मी तीन कामे सुचवतो.

पहिले, प्रत्येक मोठ्या शाखेने एक अभ्यासिका चालवावी. रेल्वे वसाहतींत इन्स्टिट्यूटचे हॉल आहेत, अनेक संध्याकाळी ते रिकामे असतात. तिथे चार वर्तमानपत्रे, एनसीईआरटीचे संच, जुने पेपर आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला अभ्यासक्रम एवढे असले तरी सुरुवात होईल. कर्मचारी हित निधीतून त्यासाठी तरतूद मागावी. भुसावळच्या मुलाला पहिले वर्ष भुसावळातच काढता आले, तर मुनिरक्याचे एक वर्षाचे भाडे वाचले.

दुसरे, सरकारी सोयींची माहिती सभासदांपर्यंत पोचवावी. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था १९७६ पासून या परीक्षेची तयारी करून घेते. कोल्हापूर, नागपूर, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर येथेही राज्याची पूर्व प्रशिक्षण केंद्रे आहेत. पुण्याला यशदाचे केंद्र आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या घटकांतील विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षण आणि विद्यावेतनाच्या योजना राबवतात. या सर्वांच्या प्रवेश परीक्षांच्या तारखा शाखेच्या फलकावर लागल्या पाहिजेत.

तिसरे काम भाषेचे, आणि ते आपण महासंघाच्या पातळीवर उचलले पाहिजे. १८ जानेवारी १९६८ रोजी संसदेच्या राजभाषा ठरावात म्हटले होते की, अखिल भारतीय आणि वरिष्ठ केंद्रीय सेवांच्या परीक्षांसाठी आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषा आणि इंग्रजी ही पर्यायी माध्यमे असावीत. १९७९ पासून मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात. पण प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते. मराठी शाळेत शिकलेली मुलगी प्रश्न दुसऱ्या भाषेत वाचते, मनात मराठी करते आणि मग उत्तर देते. पूर्व परीक्षेत तर सेकंदासेकंदाचा हिशेब असतो. २०११ साली सीसॅट आले आणि २०१४ साली त्याविरुद्ध दिल्लीत विद्यार्थ्यांचे आंदोलन झाले. त्यामुळे २०१५ पासून तो पेपर केवळ पात्रतेपुरता झाला. म्हणजे मागणी केली तर बदल होतो. रेल्वे भरती मंडळाची प्रश्नपत्रिका मराठीत निघू शकते. तीच गोष्ट लोकसेवा आयोगाला अशक्य आहे असे मानायला मी तयार नाही. ट्रॅकमनच्या भरतीला मराठी चालते, मग जिल्हाधिकाऱ्याच्या भरतीला का चालू नये?

अध्यक्ष महोदय, या मेळाव्याने मराठीसह सर्व भारतीय भाषांतून प्रश्नपत्रिका मिळाव्यात असा ठराव करून महासंघाकडे पाठवावा, अशी माझी सूचना आहे. आणि आई-वडिलांना एक विनंती. आज घरी गेल्यावर मुलाला किंवा मुलीला समोर बसवा, त्या वर्षीची आयोगाची जाहिरात उघडा, आणि अभ्यासक्रमाची पाने दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. समजले नाही ते विचारा. फी भरण्याचे त्यानंतर बघू.